चकत्यांमध्ये न बसलेला दोरा

मी, विजयश्री ज्योतीराम भालेकर, वय ४६, शिक्षण बी. कॉम., राहणार डांगे चौकाजवळ, थेरगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. पुढच्या बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही बऱ्यापैकी आहे. लिहिणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे असे नमूद करावे लागते. मी शुद्धीत आहे. प्रामाणिक आहे की नाही, ते कलम ४ वाचून ठरवावे.

१. थेरगावचा फ्लॅट माझे पती कै. ज्योतीराम यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मुलगी उत्कर्षा हिला द्यावा. गॅलरीतल्या ओलीबद्दल तिने सोसायटीला पत्रे लिहीत राहावे. मी अकरा वर्षे लिहिली. सोडून देणे हा त्यांचा विजय होईल.

२. बँकेतील शिल्लक व दागिने, तसेच माझ्या रोजनिशीच्या सव्वीस वह्या, याही उत्कर्षाला. वह्या वाचायच्या की नाही हे तिचे तिने ठरवावे. वाचल्याच तर २०१६ ची सर्वांत शेवटी वाचावी.

३. भाऊ रणजीत यास आईच्या शिलाई मशीनचे लाकडी झाकण द्यावे. आमची आई सुमनताई हिने निगडीच्या एका खोलीत या मशीनवर ब्लाउज शिवून आम्हा दोघांना शिकवले. ती गेल्यावर रणजीत म्हणाला होता, "ताई, भंगारवाला आनंदानं उचलेल. लोखंड भारी आहे." झाकण मात्र त्याने लहानपणी क्रिकेटचे स्टंप म्हणून वापरले होते, चेंडूचे डाग अजून आहेत. मशीनपैकी त्याला जे आवडत होते, तेवढेच त्याला मिळावे. "माझ्या मनात राग नाही" असे येथे आधी लिहिले होते. ते खोडले. थोडा आहे.

४. आईचे काळे मशीन, लोखंडी स्टँड, तेलाची कुपी व ड्रॉवरमधील सर्व कागदांसह, झुलेखा रियाज शेख यांना द्यावे. झुलेखा व तिचे पती थेरगावच्या बाजारात मशीनदुरुस्तीचे दुकान चालवतात. गेली सहा वर्षे मी हे मशीन तिच्याकडेच नेते.

पहिल्यांदा नेले तेव्हा तिने सुईखालची पत्री सरकवली आणि हातचाक अगदी हळू फिरवत ती म्हणाली, "हे बघा, ताई." सुई खाली गेली. वर येऊ लागताच तिच्यामागे दोऱ्याचा एक फास उरला, ज्वारीच्या दाण्याएवढा. बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलचे टोक आले, त्याने नेमका तो फास उचलला, ताणून मोठा केला, आणि अख्खी बॉबिन, तिच्या डबीसकट, त्या फासातून आरपार गेली. मग फास वर ओढला गेला. एक टाका झाला. म्हणजे वरचा दोरा दर टाक्याला खालच्या सगळ्या दोऱ्याला वळसा घालून परत येतो. आई पस्तीस वर्षे शिवत होती. तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर हे लाखो वेळा घडले, आणि मी त्याच खोलीत अभ्यास करत होते. मी झुलेखाला पुन्हा फिरवायला सांगितले, मग पुन्हा. चौथ्यांदा ती म्हणाली, "पिक्चर आहे का हा, ताई? गिऱ्हाईक खोळंबलंय." अजूनही शिवताना मी मधेच थांबून पत्री सरकवते आणि बघते. देवळात मला असे कधी झाले नाही.

ज्याच्याकडे मशीन जाईल त्याच्यासाठी सूचना: दोरा अडकला तर कापड ओढू नये. चाक मागेपुढे हलवत सुई वर घ्यावी, गुंता कात्रीने बारीक तुकडे करून काढावा, शटल उतरवून खालचा बुरा ब्रशने झाडावा, थेंबभर तेल द्यावे. पण एवढ्याने भागत नाही. गुंता कापडाखाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनलाच दोष देतात. चूक बहुतेक वेळा वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे तो ताणून धरणाऱ्या दोन चकत्यांच्या मधे बसायला हवा. कापड दाबणारा पाय खाली असेल तर चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा ओवलेला दोरा वरवरून जातो, त्याला कोणी आवरत नाही, आणि फास खालीच साचत राहतात. म्हणून आधी पाय उचलावा, मग ओवावे.

हे मला मार्च २०१६ मध्ये माहीत असायला हवे होते. तेव्हा मी चाकणला गाड्यांचे सीट कव्हर शिवणाऱ्या एका कंपनीत लाइन इनचार्ज होते. ती कंपनी आता नाही. झुलेखा सात नंबरच्या मशीनवर ऑपरेटर होती. रंग बदलायचा होता, ती पाणी प्यायला गेली होती, आणि वेळ वाचावा म्हणून तिच्या मशीनमध्ये काळा दोरा मी ओवला. पाय खाली होता. ती आली, तिने टीप मारली, खाली जाळे झाले, फास उचलणाऱ्या हुकचे टोक तुटले, लाइन शिफ्ट संपेपर्यंत बंद. मी बॉबिन हातात घेऊन बघत होते. ती म्हणाली, "ताई, एकदा वर बघा ना." मी बघितले नाही. अहवालात लिहिले: "ऑपरेटरने बॉबिन निष्काळजीपणे बसवली." ऑपरेटरच्या सहीच्या चौकोनात तिने सही केली नाही. पुढच्या महिन्यात तिला कामावरून कमी केले.

तीन आठवड्यांनी घरी उत्कर्षाचा फ्रॉक शिवताना माझ्या हातून तीच चूक झाली, तसेच जाळे झाले, आणि मला कळले. मी ते रोजनिशीत लिहिले. कोणाला सांगितले नाही. सहा वर्षे दुकानात झुलेखासमोर स्टुलावर बसूनही नाही. अहवालाची प्रत ड्रॉवरमध्ये आहे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उत्कर्षाने करावी.

दुरुस्ती, आजच, सही करण्यापूर्वी:

मेल्यानंतर कबूल करणे फार सोयीचे आहे, हे कलम ४ लिहून झाल्यावर लक्षात आले. म्हणून झुलेखाला घरी बोलावले आणि कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुम्ही फॉर्म आणायला केबिनमध्ये गेलात, तेव्हा मी वर बघितलं. दोरा चकत्यांवर आडवा पडलेला. पाय खाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तुम्ही बघितलं नाही."

मी विचारले, तरी सहा वर्षे माझे मशीन का दुरुस्त केलेस. ती म्हणाली, "मशीननं माझं काय वाकडं केलंय?" मग बसली, पुन्हा वाचले, आणि एका ओळीवर बोट ठेवले. "पाणी प्यायला नव्हते गेले. बाथरूमला गेले होते. खरं लिहायचं तर सगळं खरं लिहा."

साक्षीदार कोण, असे तिने विचारले. मी सांगितले, शेजारचे धम्मरत्न सोनकांबळे, दुसरे अजून ठरायचे आहेत.

"ज्याला काही मिळतं, तो सही करू शकतो का?"

वकिलांनी तसे करू नये म्हणून सांगितले आहे, हे मी तिला सांगितले.

"मग मशीन माझ्या माहेनूरला लिहा. ती शिवते, मी नुसती उघडते. मला सही करू द्या. त्या फॉर्मवर माझ्या नावाचा चौकोन होता. लिहिलेलं खोटं होतं, म्हणून मी सही केली नव्हती."

यास अनुसरून कलम ४ मध्ये दोन बदल: (अ) "पाणी प्यायला" ऐवजी "बाथरूमला" वाचावे. (ब) मशीन झुलेखाची मुलगी माहेनूर रियाज शेख हिला द्यावे. अहवालाची प्रत झुलेखाने आजच मागून घेतली, म्हणून ती या मृत्युपत्रातून वगळली आहे.

सर्वांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

लिहून ठेवणार: विजयश्री ज्योतीराम भालेकर (सही)

साक्षीदार १: धम्मरत्न सोनकांबळे (सही)

साक्षीदार २: झुलेखा रियाज शेख. सर्व वाचले. खरे आहे. (सही)

स्थळ: थेरगाव, पुणे ३३
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५