मामाजींच्या वतीने

११ नोव्हें. ७८, शनि.
डबा घेऊन दवाखान्यात गेले तर मामाजींच्या पायाची पट्टी सोडलेली. अंगठा काळा, घोट्यापर्यंत काळं. वास आला तसा पदर नाकाला लावला, मग लाज वाटली. बारा वर्षं या घरात सून आहे, सासऱ्यांपुढे डोकं झाकून ताट ठेवलं एवढंच. पाय आज नीट पाहिला.
"बरा होऊन राह्यला न?" त्यांनी सिस्टरला विचारलं. ती नुसती पट्टी गुंडाळत राहिली.
माहेरी कारध्याला निरोप धाडायचा राहिला.

१२, रवि.
डॉ.नी ह्यांना आणि भाऊजींना बाहेर बोलावलं. मी मागे उभी. साखरेच्या बिमारीनं पाय सडलाय. कापावा लागेल, नाहीतर विष अंगात चढेल.
घरी दोघा भावांचं ठरलं. बाबांना सांगायचं, नुसता अंगठा साफ करणार. गुंगीत कळणार नाही. जागे झाल्यावर पाहू.
जागे झाल्यावर पाहू! चाळीस वर्षं पायानं माग चालवलाय त्या माणसानं. डोळे उघडून खाली पाहील आणि...


१३, सोम.
सांगितलं. "मामाजी, अंगठा नाही. पाय." एवढंच.
त्यांनी चादर सारून पट्टीचा पाय पाहिला.
"पोरायले माहीत हाय?"
"हो."
"अन् मलेच नाही."

१४, मंगळ.
डॉ. सहीचा कागद घेऊन आले. ह्यांनी पेन काढला तसे मामाजी उठून बसले. "पाय माहा हाय. सही मी करतो. पण गुडघा ठेवाचा. गुडघा राह्यला तं लाकडी पाय लावून मागावर बसता येते. त्याच्या वर जाऊ नका. मंग जे होईल ते होवो."
डॉ. म्हणाले, आत काय आहे ते कापल्यावरच कळेल. तेव्हा तुम्ही गुंगीत. विचारायचं कोणाला?
"सूनबाईले इचारा. तिनं खरं सांगतलं."
मला? दोन कर्ते मुलगे समोर उभे असताना?
घरी ताटावरून हे म्हणाले, "काय भरवलं तू बाबाच्या कानात?" भाऊजी न जेवताच उठले.

१५, बुध. दुपार
खाटेजवळ बसून लिहितेय. सकाळी नऊला नेलं. जाताना मला म्हणाले, "ध्यानात हाय न?" मी मान हलवली.
साडेदहाला डॉ. बाहेर आले, हातमोजे तसेच. "गुडघ्याच्या वर सरकलंय. मांडीतून काढावा लागेल. नाहीतर तीन-चार दिवस. लवकर सांगा."
भाऊजी रडायला लागले. हे माझ्याकडे पाहत होते. मामाजींचा शब्द न् शब्द मला आठवत होता. तरी तोंडून निघालं, "काढा."
कोण बोललं? मीच. अजून खरं वाटत नाही.
आता इथे आणलंय. एका बाजूला चादर सपाट.
हे मघाशी हळूच म्हणाले, "काल रागात बोललो, मनावर नको घेऊ. बाबाले सांगू, डॉक्टरनंच केलं, तुले इचारलंच नाही."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
पापण्या हलताहेत. सिस्टर हाक मारतेय, बाबा, डोळे उघडा. ओठ हलले. मला वाटतं, 'सूनबाई' म्हणताहेत