नऊ नंबरच्या ग्रीनला ताण

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून मी बेसाच्या पुढच्या गोल्फ क्लबचा टर्फ सुपरिंटेंडेंट, म्हणजे गवताचा साहेब. प्रोबेशनवर. ५ एप्रिलला टूर्नामेंट. त्या दिवशी क्लबहाउससमोरचं नऊ नंबरचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, झकास दिसलं तर पर्मनंट. म्हणजे पर्मनंटच समजायचं.
संकल्प: रोज पाचला उठणे. रोज डेटा.

तीच दुपार
ग्रीनवर बर्म्युडा ग्रास. जवळून पाहिलं. ही तर आपली हरळी! हायब्रीड, पण घराणं तेच. बाबा काटोलकडे संत्र्याच्या बागेत जन्मभर हीच उपटत आले, आणि मी ती पगार घेऊन वाढवणार. त्यांना फोनवर 'विदेशी पीक' एवढंच सांगितलं. म्हणाले, भाव काय आहे गा त्याले? मी रेंज गेल्याचं सांगितलं.

६ मार्च
आठला उठलो. पण फ्रेश. तोवर मुख्य माळी पुष्पलताबाईंनी बांबूने दव झाडून कटिंगही उरकलं होतं. गवत चार मिलिमीटर. रोज मशीनची दिशा बदलतात, म्हणजे पाती एकाच बाजूला झोपत नाहीत. भोकं पाडून वाळू भरतात, मुळांना हवा मिळते म्हणे. ओलावा बघायला मातीत सुरी खुपसून वास घेतात. वास! अठरा वर्षं हेच चाललंय. मी मॉइश्चर मीटर मागवलंय.

१० मार्च
सुचलं! अंघोळ करताना. संत्र्याला आपण ताण देतो. महिनाभर पाणी तोडायचं, झाड पानं गाळतं, मग खत-पाणी दिलं की असा बहर फुटतो की फांदी दिसत नाही. हे हरळीला आजवर कुणीच केलं नाही, कारण गोल्फमध्ये संत्रेवाला माणूस नव्हता. नऊ नंबरचं पाणी आजपासून बंद. पुष्पलताबाई म्हणाल्या, काहून साहेब? मी समजावलं. म्हणाल्या, संत्र्याची मुळं खोल राहतात, याची त बोटभर आहेत. मी म्हटलं, ती जुनी थिअरी.
बाकी आठ ग्रीन त्यांच्याकडेच ठेवली. प्रयोगाला तुलना लागते.

१७ मार्च. ३९ डिग्री
ग्रीनवर चाललं की पावलांचे ठसे तसेच राहतात. रंग निळसर. ताण बसतोय! बाई भर दुपारी पाइप घेऊन आल्या, म्हणाल्या, दोन फवारे त मारू द्या साहेब, मरून राहिलं ते. व्हॉल्व्हची किल्ली मी खिशातच ठेवतो आता.

२४ मार्च
रंग सोनेरी. क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, पिवळं काहून पडलं? मी म्हटलं, ट्रान्झिशन. मॉइश्चर मीटर आलं. रीडिंग शून्य. डिफेक्टिव्ह पीस. परत पाठवलं.

२९ मार्च
ताण तोडला. युरिया बागेच्या हिशेबाने, वर दोन मुठी, कारण वेळ कमी. मग भरपूर पाणी. बाबांना टूर्नामेंटला बोलावलं. त्यांनी माझं काम कधी पाहिलेलं नाही. बारावीनंतर त्यांच्याकडून शाबासकीही नाही. या वेळी ती घेणारच.

२ एप्रिल
बहर नाही. ब्राऊन. पुष्पलताबाईंना म्हटलं, तुमची ती सुरी आणा जरा. त्यांनी खुपसली, वास घेतला, पदराला पुसली आणि आपल्या आठ ग्रीनकडे निघून गेल्या. भीती वाटतेय. हे फक्त इथे लिहितो.

४ एप्रिल
घाबरण्यासारखं काही नाही. इतवारी बाजारातून रंग आणला. गवती शेड संपली होती, पोपटी मिळाली. संध्याकाळी स्प्रे केला. लांबून, डोळे बारीक केले तर, उत्तम.

५ एप्रिल, रविवार. टूर्नामेंट
पहिला पांढरा चेंडू नऊ नंबरवर आला आणि पोपटी होऊन थांबला. पाठोपाठ खेळाडूंचे बूट. टूर्नामेंट आठ होलची झाली. ती आठ ग्रीन अगदी गालिचे. पुष्पलताबाईंना शाल-श्रीफळ. मला पाकीट. आत पत्र. पर्मनंट हा शब्द त्यात नाही.
बाबा तेवढ्यात पोचले. ग्रीनच्या कडेला उकिडवे बसले, एक कांडी उपटली, सोलली, दाताखाली धरली. म्हणाले, अश्विन, हे त हरळी आहे. म्हटलं, हो. म्हणाले, मुळासकट मेली? म्हटलं, हो बाबा. म्हणाले, माह्या बापानं खणली, म्या खणली, नांगर घातला, औषधं मारली. कोणाच्यानं मेली नाही गा. तुनं तीन हप्त्यात मारली!
पाठीवर हात ठेवला. बारावीनंतर पहिल्यांदाच. मला रडू आलं. कशाचं, ते नीट लिहिता येत नाही.

६ एप्रिल
नवी असाइनमेंट: हरळी निर्मूलन कन्सल्टंट. सुरुवात बाबांच्या वावरापासून. गावातल्या सहा जणांनी नंबर घेतला. पद्धत सिद्ध झालेली आहे. पाणी बंद, मग युरिया, मग पाणी. रोज पाचला उठणार.

४ मे. ४४ डिग्री
तीन हप्ते ताण. वर दुप्पट युरिया आणि पाणी. बांधावरची हरळी हिरवीगार, दाट, एकसारखी. टूर्नामेंट घेता येईल.
बाबा घरात गेले आणि आजोबांची कुदळ आणून माझ्या हातात दिली.