आठचा भोंगा

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

मंदार काल नोएडाला परत गेला. दिवाळीला एकुलता एक मुलगा घरी येतो आणि चार दिवस एकच टुमणं लावतो: बाबा, तुम्ही दोघं आता नोएडालाच चला. नववा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. इथे दिवसभर करता काय?

करतो काय! लक्ष्मी गेटला आमचं घराणं अडीचशे वर्षं नांदतंय. मूळ पुरुष दप्तरदार म्हणून झाशीत आले ते काय लिफ्टमध्ये चढायला?

जाताना म्हणाला, काही काम करत असतात तर आग्रह केला नसता. ठीक. काम दाखवतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काम सापडलं. शेजारचे केशवराव, रिटायर्ड मास्तर, दर रविवारी किल्ल्यात टूरिस्ट फिरवतात. हेरिटेज वॉक म्हणे. तीच तोफ, तोच बुरूज, शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यात काय एवढं? पाणी कांदाही काढतो.

इथे शंभरावर वर्षांचं रेल्वे वर्कशॉप उभं आहे, त्याचं कुणाला काही पडलंय? वाफेची इंजिनं, भट्ट्या, कामगारांची नगरा नावाची वस्ती. मी त्याच वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. (रजा विभाग. पण वर्कशॉप ते वर्कशॉप.)

ठरलं. इंडस्ट्रियल हेरिटेज वॉक. गाइड: रमाकांत, म्हणजे मी.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

अनुसूयेला सांगितलं. बायकोनं कौतुक करावं की नाही? हिनं विचारलं, भट्टीपाशी कधी गेला होतात का हो? म्हटलं, मॅनेजमेंटला भट्टीपाशी जावं लागत नाही.

ती नगऱ्यात वाढली. वडील बॉयलरमेकर. लग्नात त्यांनी हात जोडले तेव्हा नखांत काळं होतं, आमच्या आत्याबाईंनी ते शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. मी मात्र कधी मनात ठेवलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्लॅन पक्का. रविवार २४ तारीख. साडेसातला नगऱ्यात जमायचं, इथला पहिला बॉयलर, जुनी क्वार्टर्स, मग वर्कशॉपचा मेन गेट. आणि तिथे, बरोब्बर आठला, माझ्या हाताच्या इशाऱ्यावर भोंगा! अंगावर काटा. केशवरावांच्या तोफेतून गेल्या दीडशे वर्षांत आवाज निघालेला नाही.

मंदारला फोन केला. म्हटलं, येऊन बघ. वॉक फसला तर त्याच आठवड्यात बॅग भरून नोएडाला येतो. शब्द. केशवराव समोरच बसले होते, साक्षीदार.

अनुसूया मेथी निवडत होती. म्हणाली, अहो, पण रविवारी... म्हटलं, मी बोलत असताना मध्ये बोलू नकोस.

शनिवार, १६ नोव्हेंबर

कॉलेजात शिकवणाऱ्या मेघनानं पोस्टर केलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. अकरा अंगठे, दोन नमस्कार. केशवराव म्हणाले, आत जायची परवानगी लेखी घ्या. मास्तरकी! ज्यांच्या रजा मी मंजूर केल्या ते मला गेटवर अडवतील?

(ते सगळे रिटायर झाले असं अनुसूया म्हणते. असतील.)

बुधवार, २० नोव्हेंबर

रिहर्सल. एकटाच. मेन गेटसमोर उभा राहिलो. ७.५८ ला भाषण सुरू, आठला हात वर. वाजला! पहिल्या फटक्यात. चहावाला म्हणाला, बाबूजी, किसको बुला रहे हैं? अडाणी.

एवढ्या जवळून भोंगा पहिल्यांदाच ऐकला. नोकरीत असताना तो मला रस्त्यातच गाठायचा. पंक्चर, पाहुणे, पोटदुखी. कारणं असतात.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मंदार आला. एकोणीस नावं आली. नवी टोपी घेतली. टिपणं काढली नाहीत. ज्ञान आत असलं की कागद लागत नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ६

आज केशवरावांचा किल्ला पडणार.

रविवार, २४ नोव्हेंबर, दुपार

झोपून उठलो. जसं झालं तसं लिहितो. लपवण्यासारखं काही नाही.

एकोणीसपैकी सतरा आले. केशवरावही आले, स्वतःचा वॉक बंद ठेवून, आगाऊपणे. लाल विटांच्या उंच बांधकामापाशी मी सांगितलं, हा इथला पहिला बॉयलर. अनुसूया मागून म्हणाली, अहो, ही पाण्याची टाकी. इंजिनांना इथून पाणी जायचं. लोक हसले. मी म्हटलं, तुमची परीक्षा घेत होतो.

मेन गेट. गार्ड पंचविशीचा. पास मागितला. मी नाव सांगितलं. त्यानं पुन्हा पास मागितला. हल्लीच्या पोरांना नावाची किंमत नाही. म्हटलं, आत काही बघण्यासारखं नाहीच, खरी गंमत बाहेर आहे.

७.५८. भाषण सुरू. ७.५९. आवाज चढवला. आठ. हात वर.

काही नाही.

म्हटलं, तुमची घड्याळं पुढे आहेत. हात वरच ठेवला. ८.०३. हात दुखायला लागला. एक कुत्रं येऊन बसलं. तेव्हा अनुसूया हळूच म्हणाली, अहो, आज रविवार. रविवारी सुट्टी. रविवारी भोंगा नसतो.

चौतीस वर्षं रविवारी मी झोपलेला असायचो. मला कसं कळणार?

केशवराव खोकले. मंदारनं मोबाइल खिशात ठेवला. मी हात खाली घेतला, टोपी नीट केली. तेवढ्यात मेघनानं अनुसूयेला विचारलं, काकू, तुमच्या लहानपणी कसं असायचं?

झालं. बाई सुरू.

पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा सायकलवर टांग मारायचे. अख्ख्या नगऱ्यात कुणाच्या घरी घड्याळ नव्हतं. मग म्हणाली, एकदा भोंगा भर दुपारी तीनला वाजला. अवेळी. अवेळी भोंगा म्हणजे आत कुणाला तरी लागलं. सगळ्या बायका तव्यावरची पोळी तव्यावर टाकून धावल्या. आईबरोबर मीही, अनवाणी. ह्याच गेटला, हिथेच उभ्या. एकेक माणूस बाहेर येत होता आणि जिचा आला ती मोठ्यानं रडायची. बाबा सगळ्यांत शेवटी आले. चालत. हातात डबा होता, पण तो त्यांचा नव्हता.

गार्डनं टोपी काढली. मंदार रडत होता. केशवरावसुद्धा.

हे तिनं मला एक्केचाळीस वर्षांत कधी सांगितलं नाही. (सांगितलं असेल. मी पेपर वाचत असेन.)

त्या माणसाच्या नखांवर आम्ही हसलो होतो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

ग्रुपवर एकशे चार मेसेज. सगळे "अनुसूया काकू". टोपीचा उल्लेख नाही. वॉक आता दर शनिवारी, म्हणजे भोंगा मिळेल. परवानगीचा अर्ज केशवराव लिहितायत.

मंदार म्हणाला, आईला आता इथून हलवणं बरं नाही, तिला काम आहे. म्हटलं, चला, सुटलो. तर केशवरावांना माझा शब्द आठवला. पाठांतर दांडगं, मास्तर ना!

मी म्हटलं, मी शब्दाचा पक्का आहे, जाईन. असं म्हटल्यावर माणसं थांबवतात. अनुसूयेनं माळ्यावरून बॅग काढली. मी म्हटलं, आणि तू? म्हणाली, शब्द तुम्ही दिलात, मी कुठे दिला?

शनिवार, ३० नोव्हेंबर

स्टेशनवर पोचवायला कुणी नाही. वॉक आहे. डब्यात मेथीचे पराठे दिलेत, आठ.

शनिवार, ७ डिसेंबर, नोएडा

लिफ्ट चांगली आहे. थंडी वाईट. इथल्या लोकांना हेरिटेज नाही, पार्किंग आहे.

७.५५ ला फोन केला. सहज. गुडघ्याचं तेल कुठे ठेवलंय ते विचारायला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि म्हणाली, आता बोलू नका, फोन कानाला लावून उभे राहा.

उभा राहिलो. मागे बरीच माणसं कुजबुजत होती. मग भोंगा. पूर्ण. मग टाळ्या. तेल कुठे आहे ते न सांगताच फोन ठेवला.

घड्याळ बघितलं. बरोब्बर आठ. चौतीस वर्षांत जमलं नाही ते जमलं. भोंग्याला वेळेवर हजर होतो. नोएडात, नवव्या मजल्यावर, स्वेटर घालून.