रेडिओवर घरचं नाव

प्रिय तितो,

आईचा सकाळपासून धोशा चाललाय, "तितोला रविवारी जेवायला बोलव, बटाट्याचा लोक्रो करतेय." फोन करायचा सोडून मी हे लिहीत बसलेय, आणि हेही पाठवायची हिंमत नाही.

चौकशीत त्यांनी तुला विचारलं, "कॅप्टन फाउस्तो, टक्कर टाळणारं यंत्र 'वर चढा' म्हणून ओरडत असताना तुम्ही खाली का आलात?" तू म्हणालास, "यंत्र वर म्हणत होतं, पण ताई खाली म्हणाली." सगळे हसले. माझी मान वर झाली नाही.

नियंत्रण कक्षातून तुझ्या आणि समोरून येणाऱ्या, दोन्ही विमानांना एकच उंची मीच दिली होती. ते मी कबूल केलं, शिक्षाही भोगतेय. पण पडद्यावर ते दोन ठिपके भिडायला आले, तशी माझी पाचावर धारण बसली. विमानाचा नंबर पुकारायचा सोडून मी किंचाळले, "तितो, खाली ये!" समोरच्यालाही यंत्राने खालीच धाडलं होतं. ढगांच्या फटीतून तू त्याला दिसलास, त्याने विमान वळवलं, म्हणून तुम्ही सगळे वाचलात.

नंबर पुकारला असता, तर तू यंत्राचंच ऐकलं असतंस. शिकवलेलंच तसं असतं. मी कॅप्टनला नाही, घरातल्या धाकट्याला हाक मारली.

आता तुझं उडणं बंद झालंय, आणि आई म्हणते, "गुणी पोर, बहिणीचा शब्द मोडला नाही."

फोन मी करणार नाही, तितो. मी 'ये' म्हटलं, की तू येशील.

तुझी ताई,
मार्लेने