चपला फाटकापाशी

८ ऑगस्ट, शनिवार
ताम्हिणीच्या अलीकडच्या आंब्याच्या बागेत आजपासून माळी म्हणून रुजू झालो. खोली कोरडी आहे, खिडकीतून फाटक आणि पलीकडे धरणाचं पाणी दिसतं. देवांची तसबीर लावून दिवा केला. पुढल्या रविवारी शारदा येईल. पन्नाशीला टेकल्यावर का होईना, नवराबायको एका छपराखाली राहू.

मालक स्वानंदसाहेब बावधनला असतात. त्यांनी काम समजावलं. हुमणीच्या अळ्या कलमांची मुळं खातात, म्हणून मातीत सूत्रकृमी सोडायचे. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी अळीच्या अंगात शिरतात आणि तिला आतून मारतात. माणसाला अपाय नाही. ऊन मात्र त्यांना सोसत नाही.

९ ऑगस्ट
साहेबांना ही बाग विकणारे गेणबा कुंपणापलीकडेच राहतात. मी राम राम घातला, त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "सायबाचं माणूस व्हय? ही म्हसोबाची जागा हाय. चपला फाटकापाशी काढायच्या." आनंदाने काढल्या. देवाच्या जागेत पायात घालून मी कधी गेलो नाही. दिवेलागणीला अनवाणीच झारीने कृमींचं पाणी घातलं. टाचांच्या भेगांना गारवा वाटला.

१२ ऑगस्ट
मुळाशी उकरलं. पांढऱ्या अळ्या विटेसारख्या तांबड्या होऊन मेल्या आहेत. साहेब फोनवर खूश झाले. म्हणाले, आतलं खाऊन संपलं की कृमी कातडीतून बाहेर पडतात आणि पुढचं भक्ष्य शोधतात.

गेणबांची बायको साळूबाई वाटेत भेटली. मागे बघत हळूच म्हणाली, "दादा, पायात घालत जावा कायतरी." तेव्हा लक्षात आलं, गेणबा बागेत येतात ते गुडघाभर बूट घालून.

१३ ऑगस्ट
टाच तांबडी झाली आहे. विटेसारखी. दुखत नाही. कातडीखाली काहीतरी सरकतं.
गेणबांना विचारलं. हसले. "जमीन इकली, पावणं. म्हसोबा न्हाई इकला. त्याला अनवाणी माणूस लागतो."

१४ ऑगस्ट
मांडीपर्यंत तांबडं. ऊन सोसत नाही. दार लावून घेतलं. ओल्या मातीत शिरावंसं वाटतं.
शारदाला फोन लावला. येऊ नकोस म्हणायचं होतं. तोंडातून नुसती घरघर. रेंज नाही वाटतं, म्हणाली, रविवारी येतेच.

१६, रविवार
फाटकाशी रिक्षा. शारदा.
उठवत नाही. कातडी आतून फाटते—
गेणबा तिला राम राम घालतोय. मला नव्हता घातला.
तिच्या पायांकडे बोट दाखवतोय — देवा, तिला नको —
तिने हात जोडले. हसली. वाकली. एक चप्पल