समाधानकारक सेवेची अट रद्द

मी, सुलोचना शमुवेल पारधे, वय ७६, अविवाहित, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. लिहिणे भाग पडले ते असे: माझ्याकडे चौदा वर्षे घरकाम करणारी कांता कवडू थूल मंगळवारी अंगात ताप असताना ओसरी पुसता पुसता कोसळली.

"तुला सुटी घे म्हटलं होतं ना?" मी विचारले.

"मंग 'समाधानकारक' कसं होईन, बाई?"

तो शब्द माझा आहे. कांताने माझ्या मरणापर्यंत समाधानकारक सेवा केल्यास, ती राहते ती अंगणामागची खोली तिला मिळावी, असे मी २०२२ च्या मृत्युपत्रात लिहिले होते. वकील ते मोठ्याने वाचत होते तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

त्याआधीची कांता मला तोंडावर सांगायची, "मीठ बराबर हाय बाई, तुमची जीभच बिघडली." त्यानंतर तीन वर्षे ती उलटून बोलली नाही, सुटी घेतली नाही. मला वाटले, सुधारली. ती घाबरली होती.

ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

एकतीस वर्षे रविवारच्या शाळेत मी शिकवले, की माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्ताने जे केले त्यावर विश्वास ठेवतो, म्हणून तो नीतिमान गणला जातो. हा पाठ ज्यांचा चुकला त्यांना मी उभे केले, ज्यांचा बरोबर आला त्यांना बक्षिसे दिली. यातली विसंगती मला कांता पडेपर्यंत दिसली नाही. या शिकवणीइतकी धीट गोष्ट मला दुसरी माहीत नाही. न सोडवलेल्या गणिताला मी जन्मात गुण दिले नाहीत. देव देतो, आणि पेपर लिहायच्या आधी देतो. मग माणूस आळशी नाही का होणार, ही शंका दरवर्षी कोणीतरी काढीच. आता मला उलट बाजू कळली आहे: अट घातली की चांगले कामसुद्धा भीतीचे होते.

१. मागची खोली, मोरीसह, कांताची. सेवेबद्दल नाही. ती बौद्ध आहे, आमच्या चर्चला येत नाही. तीही अट नाही. मृत्युपत्र कधीही बदलता येते असे वकील सांगतात, आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून काल दुय्यम निबंधकांकडे खोलीचे बक्षीसपत्र वेगळे नोंदवले. हे कलम केवळ वारसांनी वाद घालू नये यासाठी.

परवा हे तिला सांगितले तेव्हा तिने बरीच उलटतपासणी घेतली.

"मंग मले काय करा लागन?"

"काही नाही."

"असं कसं? काईतरी असनच."

"माझ्या शब्दावर भरवसा ठेव. बस."

"अन् मी उद्या आलीच नाई तं?"

"तरी तुझी."

"तुमाले उलटून बोलली तं?"

"तरीही."

तिने पदर खोचला. "मंग आयका. तो आधीचा कागद लय खराब होता."

मी मान्य केले. या बाईची हिंमत मला नेहमीच आवडत आली आहे.

२. पुढचे घर माझ्या भावाचा मुलगा राकेश याला. सहा वर्षांत तो दोनदा आला. काल फोनवर म्हणाला, "आत्या, बिनशर्त कोनी देते का? उद्या काम सोडून देईन ती!" त्यालाही घर बिनशर्तच मिळत आहे, हे त्याने ध्यानात घ्यावे. तो माझ्या भावाचा मुलगा आहे, एवढे कारण पुरे.

३. बँकेतील ठेवीतून माझा दफनविधी करावा. उरेल ते रविवारच्या शाळेला. त्यातून बक्षिसे देऊ नयेत. सगळ्या मुलांना खाऊ द्यावा, पाठ न येणाऱ्यांना आधी.

४. हार्मोनियम प्रमिलाबाई पंडित यांना. १९९४ साली मुख्याध्यापिकेचे पद हक्काने माझे असताना त्यांना मिळाले, असे मी तीस वर्षे धरून बसले होते. तो राग इथे सोडते. त्या वाईट वाजवतात, तरी त्यांनाच.

५. दफनाच्या वेळी माझ्या कामांची यादी वाचू नये. मी कोणावर विश्वास ठेवला एवढे सांगावे आणि लोकांना वेळेवर जेवू घालावे.

अंमलबजावणी माझी माजी विद्यार्थिनी, ॲड. वर्षाली खडसे यांनी करावी.

मजकूर वाचून, बरोबर असल्याची खात्री करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सुलोचना शमुवेल पारधे
वर्धा, शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. धनंजय भोयर, निवृत्त पोस्टमास्तर
२. मोहिनी वानखेडे, शेजारी

हस्तांतराची नोंद: वरील साक्षीदारांसमोर कांता कवडू थूल हिच्या हाती दिले: नोंदणीकृत बक्षीसपत्र, मूळ प्रत, आणि खोलीची दुसरी किल्ली, जी आजवर मी माझ्याकडे ठेवत असे. बदल्यात घेतले: काही नाही. दोन्ही वस्तू घेऊन ती खोलीत गेली, आतून कडी लावली आणि झोपली. वेळ दुपारी सव्वातीन. घासायची भांडी माझ्या मोरीत तशीच आहेत.