मधली काळी पट्टी

२ डिसेंबर
मान आज डावीकडे वळेचना. चार वर्षं झाली या दोन मॉनिटरांपुढे बसून लग्नाचे अल्बम जुळवतेय. डावा एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, दोन विटांवर बसवलेला. उजवा जरा बरा. डाव्यावर नवरी हळदीची दिसते, उजव्यावर तीच नवरी रागावलेली. अल्बमचं उघडं पान छत्तीस इंच लांब. ते दोन्हींवर पसरवायचं, आणि बरोबर मध्ये दोघांच्या कडांची काळी पट्टी! माणसं तिच्यातून इकडे-तिकडे सरकवण्यातच निम्मा जीव जातो.
अमोलला सांगितलं तर म्हणे, "दोन डोळे हायेत नं तुले? मंग दोन स्क्रीन कायले जड होते?"
नवऱ्यांना मान नसते, नुसतं तोंड असतं.

४ डिसें.
लोहाऱ्याहून ऑटोने यवतमाळात. दुकानात अल्ट्रावाइड पाहिला, दोन मॉनिटरांएवढा एकच लांब स्क्रीन. दुकानदाराने लावून दाखवला. केवढा लांब, आणि मध्ये काहीच नाही! भाव विचारायच्या आधीच पसंत केला, ही माझी जुनी खोड.
दुकानदार: "घरी नेऊन वापरून पाहा. पसंत पडला तं जुने दोन्ही मले आणून द्या, नाही तं हा वापस. पंधरा तारखेला सांगजा."
आमचं टेबल एवढंसं. तिन्ही मावत नाहीत. एक तर हा, नाही तर ते.

५ डिसें.
दिग्रसहून सलीमचाचांचा फोन. हे काम मी त्यांच्याच स्टुडिओत शिकले. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, निकहतचं, लग्न मागच्या महिन्यात झालं. तिचा अल्बम मी करायचा. "दुसऱ्याले कायले देऊ, बेटा? तूच कर." माहेरी आलीय, तेराला नांदेडला सासरी परत जाईल, तेव्हा सोबत न्यायचा.
फोटो आले. गावोगावची लग्नं काढली या माणसाने, स्वतः कुठल्याच फोटोत नाही. यात एक आहे, पुसदहून बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेला. रुखसतीचा, म्हणजे पाठवणीचा. निकहत छातीशी, चाचांचे डोळे मिटलेले, हात तिच्या डोक्यावर.

७ डिसें.
काय यंत्र आहे! अख्खं पान एका नजरेत. मान सरळ. नवरी सगळीकडे एकाच रंगाची. ते रुखसतीचं पान सगळ्यात शेवटी केलं. चाचा मधोमध, मोठे. बाकी काही नाही, फूल नाही, शायरी नाही. अमोल चहा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. "चाचा तं समोर येऊन बसले वं." त्याने एवढं म्हणणं म्हणजे खूप.
नागपूरला छपाईला पाठवलं. तिथूनच परस्पर दिग्रसला जाईल.

१० डिसें.
चाचांचा फोन. "अल्बम आला. घरात सगळ्यायले आवडला, बेटा." बस, एवढंच. चाचा कौतुक मोजूनमापून करतात, तेव्हा एवढंही पुष्कळ. ठरलं, अल्ट्रावाइड ठेवायचा. जुन्या दोघांवर चादर टाकली.

१२ डिसें.
निकहतला भेटायला यष्टीने दिग्रस. हे लिहायलाही लाज वाटते.
तिने अल्बम मांडीवर घेतला, शेवटचं पान उघडलं. अल्बमची घडी चाचांच्या चेहऱ्यावरून गेलीय. बरोबर नाकावरून. अर्धा चेहरा इकडे, अर्धा तिकडे, मधला घडीने गिळलेला. सॉफ्टवेअरमध्ये मधली रेघ लावता येते, मी कधी लावलीच नाही. गरज नव्हती. जिला चार वर्षं शिव्या दिल्या ती काळी पट्टी माझ्यासाठी ते काम करत होती!
चाचांनी दोन दिवस आधी पाहिलं होतं. ज्यांची नजर केसाएवढा वाकडा फोटो पकडते, त्यांनी. आणि फोनवर म्हणाले, सगळ्यांना आवडला.
मी रडायला लागले. चाचा: "अवं, रडून काहून राह्यली? पह्यल्या साली म्या एका नवरदेवाचं नाक घडीत घातलं होतं. तव्हा हातानं फोटो चिकटवत होतो. मंग टेबलाच्या मधात काळा धागा बांधला."
तो धागा! मी शिकत होते तेव्हा रोज समोर होता. मला वाटायचं दुकानाला नजर लागू नये म्हणून. कधी विचारलंही नाही. अगरबत्तीसुद्धा ओवाळलीय मी त्याला.
हे सांगितलं तर चाचा इतके हसले की खोकला आला. माझ्या चुकीवर इतकं निर्मळ हसणारं माणूस दुसरं नाही.
निकहतने दोन्ही तळवे पानावर ठेवून दाबले. "पाह्य दीदी, अशे दोन्ही हात ठेवले का अब्बा पूरे दिसतात." हात काढले, पान पुन्हा वर आलं.
निघताना म्हटलं, घरी ठेवायला दुसरा करून देते. चाचा: "दे. स्क्रीन कोणतीही घे, अल्बम तं मधातूनच उघडते."

१४ डिसें.
चाचांचा फोन. निकहत काल नांदेडला पोचली. "घर लय मोठं वाटून राह्यलं, बेटा." मग उगाच थंडीविषयी बोलले. मीही थंडीविषयीच बोलले.

१५ डिसें.
आज दुकानदाराला सांगायचंय. अमोलने सकाळीच जुने दोन्ही पुसून पलंगावर मांडले. "हेच ठेवशील अन् मान धरली तं मले सांगू नको." नवा टेबलावर, त्याला वरून खाली काळा धागा बांधलाय.
पान नव्याने केलं. फोटो एकाच बाजूला बसवला तर फारच लहान होतो, म्हणून चार बोटं डावीकडे सरकवला. आता घडीत कुणाचा चेहरा जात नाही. चाचा पूर्ण, निकहत पूर्ण. घडी दोघांच्या मधून जाते. नुसता चाचांचा हात ती ओलांडून तिच्या डोक्यावर.
केबल काढून जुन्यांना लावली. चाचा डाव्यावर, विटांवरच्या. निकहत उजव्यावर. मध्ये पट्टी, मनगट त्यात गेलेलं. परत नव्याला लावली, धागा बाजूला केला. दोघं जवळ.
पण छापलं की घडी येणारच. आणि हा अल्बम त्या मोठ्या वाटणाऱ्या घरात राहणार.
दुकानदाराचा दुसऱ्यांदा फोन वाजतोय. उचलला नाही. आधी चाचांना विचारायचंय. पण काय विचारू, की चाचा, घडी तुमच्यावरून जाऊ देऊ, की तुमच्या दोघांच्या मधून?